एबलच्या खिडकीखालची बोट

केझाया टॅनर खुळी आहे, यावर कालव्यावर सगळ्यांचं एकमत झालं ते त्या कोरड्या उन्हाळ्यात. त्याआधी तिला खुळी म्हणायची कोणाची छाती नव्हती. साठीला टेकलेली, काटकुळी, आणि चहा इतका कडक करायची की कप उपडा केला तरी सांडू नये. तिच्या आईनं तिला दोन लॉकांच्या, म्हणजे पाणी चढवायच्या-उतरवायच्या दरवाजांच्या, मध्ये सकाळी जन्म दिला आणि दुपारी ती परत सुकाणूवर उभी राहिली, असं सांगत. बोटीवरच्या सगळ्याच आयांबद्दल असंच सांगतात, तेव्हा त्यात खरं किती ते सोडून द्या. पण केझायानं काठावरच्या घरात एक रात्रही काढली नव्हती, हे मात्र खरं.

तिचा नवरा एबल. त्यांची बोट ‘प्रिमरोझ’, लाकडी, सत्तर फूट लांब आणि दोन माणसं शेजारी-शेजारी झोपली तर कोपर भिंतीला लागेल इतकी अरुंद. बोट कंपनीची नव्हती, स्वतःची होती. कालव्यावर याला मोठा मान. बेस नावाची घोडी काठावरून ओढायची, आणि वॉरिकशरच्या खाणींतला कोळसा ऑक्सफर्डपर्यंत जायचा. राहायचं मागच्या केबिनमध्ये. तिथे एकाला शर्ट बदलायचा असेल तर दुसऱ्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं. पण शेगडीचं पितळ असं लखलखायचं की त्यात बघून एबल दाढी करायचा, आणि कपाटाच्या दारांवर त्यानं स्वतः रंगवलेले गुलाब होते. चाळीस वर्षं दोघं त्या खोक्यात राहिली आणि भांडली, आणि भांडून जायला जागा नसल्यामुळे तिथेच समेट करत राहिली.

मे महिन्यात एबल सुकाणूवर उभ्या उभ्या कोसळला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. नशीब एवढंच की जवळच्या गावातलं इस्पितळ अगदी कालव्याला लागून होतं. त्याला खाटेवर घातलं ती खिडकीशी, आणि खिडकीखाली पाणी.

इस्पितळात माणूस बरा व्हायला ठेवतात, आणि एबल बरा होणार नव्हता. सिस्टरनं केझायाला ते स्पष्ट सांगितलं. खाट अडवून ठेवता येणार नाही. त्याला जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांच्या घरी पाठवावं लागेल. महायुद्धानंतर नवं सरकार आलं होतं, त्यानं त्या इमारतीवरची पाटी बदलली होती. पण कालव्यावरची माणसं पाटी वाचत नाहीत. त्यांच्या लेखी ते वर्कहाउसच, निराधारांना कोंडायची जागा. एबलची आई तिथेच वारली होती, भिंतीकडे तोंड करून.

“आणि घरी नेलं तर?” केझायानं विचारलं.

“घर कुठे आहे तुम्हांला?” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता. “बोटीवर आजारी माणूस न्यायचा तर बोटींच्या इन्स्पेक्टरनं केबिन पास करायला हवी. कोरडी पाहिजे. ती केली तर आमची हरकत नाही.”

केबिन तेव्हा खणखणीत कोरडी होती. त्या आठवड्यात इन्स्पेक्टर बघायला बोलावला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने तरी त्याला हलवायचं नाही. आणि त्या दोन महिन्यांत केझायानं ती चूक केली.

लाकडी बोट उन्हाळ्यात कशी सांभाळायची हे कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला सावलीत बांधायचं. सकाळ-संध्याकाळ फडकं बुडवून तिच्या कुशी ओल्या करायच्या. पाणी उतरतंय असं दिसलं की खोल पाण्यात न्यायचं. कुऱ्हाडीचा दांडा सुकून सैल होतो तशी फळी सुकते आणि सांधे उघडतात. केझायानं यातलं एकही केलं नाही. प्रिमरोझ तिनं एबलच्या खिडकीखाली बांधली, उघड्या काठाला, दिवसभर ऊन लागेल अशी. इस्पितळात भेटायची वेळ आठवड्यातून दोनदाच. बाकीच्या दिवशी ती छपरावर बसून बटाटे सोलायची, पितळ घासायची, म्हणजे वर बघितलं की त्याचा चेहरा दिसायचा आणि खाली बघितलं की त्याला ती दिसायची. एवढ्यावर दोघं जगत होती. कुशीला पाणी मारायला जायचं तर पलीकडच्या बाजूला जावं लागे, तिथून खिडकी दिसत नसे. मग ते उद्यावर जाई.

जुलैमध्ये पाऊस नाहीच. कालव्याला पाणी पुरवणारी वरची तळी आटली. लॉकवाला जेठ्रो सायकलवरून सांगत फिरला की या टप्प्यातलं पाणी उतरवणार आहेत, बोटी पुलाखालच्या खोलात न्या. सगळ्यांनी नेल्या. केझायानं नेली नाही.

“चिखलावर बसेल ती,” जेठ्रो म्हणाला.

“बसू दे.”

“कलंडेल. एक कूस अख्खी उन्हात येईल. हे मी शिकवायला हवं का तुला?”

“मग शिकवू नकोस. मी इथून हलले तर तो म्हणेल, गेली.”

जेठ्रोनं पुलाखाली जाऊन हे सबायना मावशीला सांगितलं, आणि तिथून खुळेपणाची बातमी सगळीकडे झाली. सबायना ही सत्तरीची विधवा, स्वतःच्या बोटीवर एकटी राहायची, पाइप ओढायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तीही दोनदा येऊन बोलून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा वर खिडकीकडे बघून आली तशी परत गेली.

प्रिमरोझ चिखलावर बसली आणि कलंडली. पाण्याखाली चाळीस वर्षं भिजलेल्या फळ्या पहिल्यांदा उन्हात आल्या. आधी त्या करड्या पडल्या, मग सांध्यांत नख जायला लागलं, मग सुरीचं पातं. तिरप्या छपरावर बसून केझाया बटाटे सोलत राहिली. तिला कळत नव्हतं असं नाही. बोटीवर जन्मलेल्या बाईला बोट वाळताना ऐकू येते. पण माणूस समोर असताना लाकडाकडे कोण बघतं? आता तुम्ही तिला नावं ठेवा हवी तर. मला तिची ही चूक आजही मनापासून आवडते, आणि त्या चुकीचा रागही येतो.

ऑगस्टमध्ये पाऊस झाला आणि पाणी परत सोडलं. पुलाखालच्या बोटी वर आल्या. प्रिमरोझ जागची हलली नाही. पाणी तिच्या बाहेर जेवढं चढलं तेवढंच आत चढलं, टोपली पाण्यात ठेवावी तसं.

त्याच आठवड्यात सिस्टरनं सांगितलं की पुढच्या गुरुवारी जिल्ह्याची गाडी येणार, एबलचं नाव त्यात आहे. इन्स्पेक्टर ऑर्चर्ड साहेब बुधवारी या भागात येतात. बुधवारी त्यांनी केबिन पास केली तर गाडीतलं नाव काढता येईल.

मग केझायानं जे केलं ते बघवत नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ती सांध्यांत काथ्या ठोकायची. काठावर बादलीत डांबर, घोड्याची लीद आणि गाईचे केस असं सगळं उकळून तो लगदा फळ्यांना थापायची. बेसनं लीद भरपूर पुरवली. त्या वासानं इस्पितळाच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, फक्त एबलची उघडी राहिली. म्हणे तो बंद करूच देत नव्हता, त्याला तो वास माहेरचा होता. बादलीभर राख लांब काठीनं बोटीच्या पोटाखाली सोडायची, म्हणजे आत घुसणारं पाणीच राख ओढून नेतं आणि फट बुजते, हाही जुना उपाय तिनं केला. एक फट बुजली की शेजारची उघडायची. आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार? हाताची साल निघाली, डांबरात ती भाजली, आणि पंपाचा दांडा सोडला की अर्ध्या तासात पाणी केबिनच्या फळ्यांवर यायचं.

चौथ्या दिवशी सबायना मावशी काठावर येऊन उभी राहिली.

“पुरे कर,” ती म्हणाली.

“गुरुवारी नेतील त्याला, मावशे.”

“ऐकलंय मी. म्हणूनच सांगते, तिच्या फटी बुजवायचा हट्ट सोड. तिला तहान लागलीय. बुडव तिला. पोटभर पाणी पिऊ दे. लाकूड फुगेल, सांधे आपले आपण मिटतील. माझ्या बापानं दोनदा बुडवलीय बोट.”

केझायाला हे ठाऊक नव्हतं का? सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण घर आपल्या हातानं बुडवायचं ही गोष्ट दुसऱ्यानं बोलून दाखवावी लागते.

“किती दिवस लागतील?”

“महिना.”

“माझ्याकडे आठवडासुद्धा नाही.”

“मग जेवढं पिईल तेवढं. बाकीचं पंपावर.”

भेटीच्या वेळेला ती वर गेली. एबलच्या शेजारी बसून तिनं त्याचा निर्जीव हात मांडीवर घेतला. त्याला बोलायला वेळ लागायचा, एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा.

“उद्या तिला पाणी पाजते,” ती म्हणाली. “वरून दिसेल तुला. घाबरू नकोस.”

एबलनं खिडकीतून खाली बोटीकडे बघितलं. “गुलाब,” तो म्हणाला.

“गुलाबांना काय होतंय? तुझा रंग आहे, पाव इंच जाड. रंग लावायला बसलास की थांबायचं तुला कळलंय कधी?”

त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. केझाया खाली आली आणि जिन्यात भिंतीला टेकून रडली, कारण त्याच्यापुढे रडायचं नाही एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी केझाया आणि सबायना मावशी, दोघींनी केबिन रिकामी केली. गादी, लेसचे पडदे, भिंतीवरच्या नक्षीच्या बशा, शेगडीची कडी, एबलचे रविवारचे बूट, सगळं काठावर आलं आणि ताडपत्रीखाली गेलं. चाळीस वर्षांचा संसार मांडला तर एका झुडपाच्या सावलीत मावला. मग केझाया पाण्यात उतरली आणि चार दिवस हात फोडून जो काथ्या ठोकला होता, तो तिनं स्वतःच सुरीनं उपसून काढला. प्रिमरोझ न कलंडता सरळ खाली बसली. पाणी केबिनच्या उंबऱ्यावरून आत गेलं, शेगडीत शिरलं, गुलाबांवर चढलं. वरच्या खिडकीत एबल उशाला टेकून सगळं बघत होता. केझायानं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

पुढचे दिवस ती ताडपत्रीखाली राहिली. काठावरची माणसं फिरायला यायची, बुडालेली बोट बघून हळहळायची. एका बाईनं तिच्या हातात पावाची पिशवी ठेवली. केझायानं ती बेसला चारली. भीक आणि सहानुभूती तिला सारखीच लागायची.

मंगळवारी जेठ्रो मोठा पंप घेऊन आला. तो कोणाच्या परवानगीनं आणला ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. दुपारपर्यंत प्रिमरोझ वर आली. तिघंही तळाशी बघत बसली. आत पाणी येतच होतं. पण आता ते धारेनं येत नव्हतं, पाझरत होतं. आधी अर्ध्या तासाला पंप लागायचा, आता दोन तासांनी.

“अजून तीन आठवडे मिळाले असते तर बाटलीसारखी घट्ट झाली असती,” सबायना म्हणाली.

“नाही मिळाले,” केझाया म्हणाली, आणि शेगडी पेटवायला गेली.

बुधवारी ऑर्चर्ड साहेब आले. उंच माणूस, केबिनमध्ये मान वाकवून बसायची सवय झालेला. शेगडी रात्रभर धडाडत होती, आत भाकरी भाजावी इतकं गरम होतं. पडदे, बशा, पितळ सगळं जागच्या जागी. पण फळ्यांखाली पाणी चढत होतं आणि केझायाला ते तळपायात जाणवत होतं. पंप तिनं आधीच मावशीकडे दिला होता. पंपाची खरखर ऐकू जाऊ नये म्हणून मावशी पुढे कोळशाच्या जागी, ताडपत्रीआड, देवाचं गाणं म्हणत पंप मारत होती. तिचा आवाज असा होता की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली.

“त्या बाई काय करताहेत?” साहेबांनी विचारलं.

“देवाचं म्हणतेय, साहेब. बुधवारी म्हणते.”

“रोज म्हणत नाहीत हे बरंय,” ते म्हणाले. मग त्यांनी कपाटाच्या दारावरून बोट फिरवलं. गुलाबांच्या मधोमध एक फिकट ओळ गेली होती, पाणी जिथवर चढलं होतं तिथे. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. वीस वर्षं बोटी तपासणाऱ्या माणसाला ती ओळ काय आहे हे सांगायची गरज नव्हती.

“पंप रोज मारता ना, मिसेस टॅनर? नियम आहे.”

“रोज मारते, साहेब.”

“रोज म्हणजे,” त्यांनी सुरुवात केली आणि पुढे गाण्याचा सूर आणखी चढला तसे ते थांबले. केझायाच्या भाजलेल्या हातांकडे त्यांनी एकदा बघितलं. “गादी कोरडी आहे,” ते म्हणाले. “जमीन कोरडी आहे. आज मला एवढंच बघायचंय.” सही करून ते बाहेर पडले, आणि जाताना पुढच्या ताडपत्रीला उद्देशून म्हणाले, “सावकाश, बाई. दम लागेल.”

गुरुवारी गाडी आली ती एबलशिवाय गेली. जेठ्रोनं आणि इस्पितळाच्या गड्यानं त्याला फळीवर बांधून केबिनच्या दारातून खाली सोडलं. बाजूच्या बाकावर तो पडला, हातानं शेगडीचं पितळ चाचपलं, त्याला वास आला, उकळत्या चहाचा, कोळशाचा, ओल्या लाकडाचा, आणि तो लहान पोरासारखा रडला. केझायानं त्याला बशीतून चहा पाजला. अर्धा हनुवटीवरून गेला. त्या दिवशी ती जगातली सगळ्यात श्रीमंत बाई होती, आणि मला वाटतं हे तिचं तिलाही कळत होतं.

पण बोटीवरच्या माणसाचे कान कुठे जातात? पडल्या पडल्या एबल ऐकत होता. पाठीखालच्या फळीखाली पाणी खुळखुळत होतं. केझाया उठायची, पुढे जायची, पंपाची खरखर यायची, ती परत येऊन भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि तिचं पाऊल घोट्याशी ओलं असायचं. झोप तिला तुकड्या-तुकड्यानं मिळायची. तिसऱ्या सकाळी तिनं त्याचं तोंड पुसायला फडकं घेतलं, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

“किती?” त्यानं विचारलं.

“काय किती?”

त्यानं फळीवर बोटं आपटली.

“दोन बोटं. काही नाही,” ती म्हणाली.

“खोटं.”

“बरं, खोटं. मग?”

त्याला पुढचं बोलायला फार वेळ लागला. कपाळावर घाम आला. त्यानं इस्पितळाकडे हात केला. “मला... तिकडे. ठेव. हिला... पाज. नीट.”

केझायाला आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा तिला असा संताप आला की तिनं फडकं भिंतीवर फेकलं. “तुला तिकडे ठेवून बोट बरी करू? आणि मग त्या बऱ्या बोटीत कोणाला घेऊन बसू रे मी? सबायनाला? बोल ना.”

“तू... मरशील.”

“मरेन. तुझ्यानंतर मरेन. आत्ता मला वेळ नाही.”

ती बाहेर पडली. काठावर सबायना मावशी येऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. केबिनच्या भिंती पातळ असतात. पाइप हातात तसाच होता, विझलेला.

“तो खोटं बोलत नाही, पोरी,” मावशी म्हणाली. “तो आत असेपर्यंत हिला बुडवता येणार नाही. आणि बुडवल्याशिवाय ही मिटणार नाही. हिवाळा येतोय. अशी किती दिवस पंप मारत बसशील?”

केझायानं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. तिची बोटं आता सरळ होत नव्हती.

“हिला पाणी पाजायला मी केव्हा मोकळी होईन, ते कळतंय का तुला, मावशे?” ती म्हणाली. “तो दिवस मला नको. जन्मभर गळू दे ही. दर सकाळी उठून देवाकडे तेवढंच मागते.”

सबायना मावशीनं पाइप खिशात टाकला आणि तिच्याआधी पंपाकडे गेली. केझाया आत येऊन एबलच्या उशाशी बसली. फळ्यांखाली पाणी चढत होतं, आणि ती त्याला बशीतून चहा पाजू लागली.